पौर्णिमेला घेतलेली यिल्ड टेस्ट

"मयेकर, सही कर आणि मोकळा हो," जगदाळे साहेब म्हणाले. स्वतःचं पेन उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं होतं. मी मात्र कागदावरची तारीख बघत बसलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पाणीपुरवठ्याच्या कामावर ज्युनियर इंजिनियर, दापोलीच्या ऑफिसात. जगदाळे साहेब आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, रत्नागिरीहून मुद्दाम आलेले. कागद होता केळशीच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावाच्या नळयोजनेचा. गावात गोड्या पाण्याची एकच मोठी विहीर. तिच्यावर पंप बसवायचा, टेकाडावर टाकी बांधायची, घरोघर नळ द्यायचे. नकाशा, पाइपांचे व्यास, टाकीची उंची, सगळं माझं काम. सही हवी होती ती 'उद्भव खात्रीशीर आहे' या वाक्याखाली. उद्भव म्हणजे जिथून पाणी घ्यायचं ती जागा, इथं ती विहीर.

सही झाली की योजना मंजूर, आणि योजना मंजूर झाली की कॉलेजच्या माघातल्या मेळाव्यात माझा सत्कार. साहेब आणि मी एकाच इंजिनियरिंग कॉलेजचे, ते बरेच आधीचे. माजी विद्यार्थ्यांचं मंडळ दरवर्षी एका तरुण इंजिनियरला पदक द्यायचं. त्या वर्षी साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं आणि मंडळानं ते धरलंही होतं. फक्त मंजुरी तेवढी बाकी होती.

खोटं कशाला बोलू, मला ते पदक हवं होतं. फार हवं होतं. कॉलेज घाटावरचं. तिथं मी तोंड उघडलं की माझ्या कोकणी हेलाची नक्कल व्हायची. वर्गात बरोबर उत्तर दिलं तरी मागच्या बाकावरून कुणीतरी तेच उत्तर माझ्या हेलात पुन्हा म्हणायचा आणि वर्ग खिदळायचा. त्याच हॉलात, त्याच मंडळींसमोर मला स्टेजवर चढायचं होतं. बाबा मुंबईला एका छापखान्यात होते. त्यांनी रजा टाकून ठेवली होती आणि अख्ख्या छापखान्याला सांगूनही झालं होतं.

आता ती तारीख. यिल्ड टेस्ट म्हणजे विहिरीचा दम बघणं. पंप लावून विहीर उपसायची, मग पंप बंद करून पाणी किती वेळात परत चढतं ते मोजायचं. ही टेस्ट रत्नागिरीच्या टीमनं घेतली होती. सकाळी पंप बंद केला आणि दुपारपर्यंत पाणी जवळजवळ होतं तिथं आलं होतं. पौष महिन्यात, जांभ्याच्या जमिनीत! जांभ्यात पाणी ठरत नाही, पावसाळा सरला की निथळून जातं. मला काही ते पटेना. म्हणून तारीख घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितली.

"साहेब, टेस्ट पौर्णिमेला झालीय."

"मग? ग्रहण होतं का?"

"उधाण होतं. पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते. पंप बंद केला तेव्हा खाडी चढत होती. तिच्या रेट्यानं विहीर वर आली."

"पण पाणी गोड आहे. रिपोर्ट बघ की."

"एका सकाळपुरतं गोड, साहेब. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर साईसारखं असतं. रोज पंपानं ओढलं की साय संपणार आणि खालचं वर येणार. एकदा विहीर खारी झाली की वर्षानुवर्षं सुधारत नाही. त्या गावाला दुसरी नाही."

"अरे, आपण सगळीकडे अशाच टेस्ट घेतो."

"घाटावर चालतं. तिथं विहिरीला समुद्राचा शेजार नाही."

साहेबांनी पेन मिटलं. "तुला हवंय तरी काय?"

"वैशाखात टेस्ट. उधाण नसेल तेव्हा. दोन दिवस सलग पंप."

"वैशाख! मयेकर, यंदाची मंजुरी गेली मग. पदक दुसऱ्याला जाईल. दरवर्षी तुझं नाव सुचवायला मी काही तुझा मामा नाही!"

मी कागद सही न करताच परत सरकवला. तरी टेस्ट काही मी घेतली नव्हती, करून टाक सही, असं त्या आठवड्यात मला कितीदा तरी वाटलं.

गावाचे सरपंच, तात्या, तावातावानं ऑफिसात आले. "काय ओ साहेब, तुम्ही खाडीकाठचे ना? मग आपल्याच माणसांचं पाणी अडवता?"

"तात्या, विहीर खारट झाली तर?"

"आधी नळ तर येवंदेत घरात! चव मागाहून बघू."

पदक माझ्याच वर्गातल्या एकाला मिळालं. मेळाव्याला मी गेलो नाही, माझा जळफळाट झाला होता. बाबांनी रजा मोडली नाही. गावी आले, छपरावर चढून घराची कौलं परतली आणि मुंबईला गेले. पदकाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वैशाखात टेस्टला साहेब स्वतः आले. पहिल्या दिवशी ओहोटीला पाणी खाली गेलं ते वर येईना. दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी पंपाखाली ओंजळ धरली, घोट घेतला आणि लगेच थुंकला. "बंद करा रे पंप!" एवढंच म्हणाले. नशीब, उपसा दोनच दिवसांचा होता. पावसाळ्यात विहीर पुन्हा गोड झाली आणि गाव ते विसरूनही गेलं. वर्षभर पंप चालला असता तर तिची आशाच नव्हती.

मग खाडीपासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी नवी विहीर खणली. योजना वर्षभर उशिरा सुरू झाली. उद्घाटनाला आमदारांचा सत्कार झाला, ठेकेदाराचा झाला, मांडववाल्याचासुद्धा झाला. शेवटी तात्यांनी माईक धरला. "मयेकर साहेबांनी हट्ट केला नसता तर हे पाणी आपल्याला वर्षभर आधी मिळालं असतं. पण झालं गेलं विसरून आपण त्यांनाही नारळ देऊ या." टाळ्या पडल्या. बायका पदराआड हसल्या.

मी नारळ घेऊन खाली आलो. शेजारी बसलेले जगदाळे साहेब कानाशी आले. "उठून सांगू का त्यांना?"

"काय सांगणार, साहेब? विहीर कायमची खारी झालीच नाही. झाली नाही ती यांना दाखवणार कशी?"

साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समारंभ संपेपर्यंत काढला नाही.

आमच्या कामात जे बिघडलंच नाही, त्याचा सत्कार होत नाही. हे मला कळतं. तरी पदकाची हळहळ आजही वाटते, आणि ती वाटणारच, असं मी आता धरून चालतो.