थोरल्या बाई खाली आल्या होत्या

जवळ या बरं जरा. या ग्रुपवर भुताचे किस्से वाचता अन् खाली दोन शब्द न लिहिता पळता, ही काय रीत झाली? आज माझं नीट ऐका.

मी तळवड्यात राहते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... अंगात आलेल्या बायांनाही मी चहा पाजून घरी पाठवलंय.

माझ्या थोरल्या जाऊबाई चाकणजवळ आमच्या गावी राहायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं — तोंडात नळी, गुंगीचं औषध. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "ताप गेलाय, ऑक्सिजनही कमी लागतोय. अँटिबायोटिक आता बंद करू. जास्त दिवस देऊन फायदा नाही, उलट त्रासच."

त्यांचा मुलगा दत्तू कंपनीतून तसाच आलेला. "नळी अजून तोंडात हाय अन् औषध बंद? कांद्यावरची फवारणी अशी मधीच सोडतो का आमी?"

"मधेच नाही हो, पुरी झालीय. घरचे बोलून घ्या," म्हणून डॉक्टर गेले.

मी खाली चहा घेऊन बाकावर बसले. शेजारी कुणी टेकलं. पाहते तर थोरल्या बाई — वांगी रंगाचं लुगडं, पाय अनवाणी. मी आपली सवयीनं म्हटलं, "बाई, चप्पल कुठंय? फरशी गार हाय."

"धाकटे, डॉक्टर म्हणतोय तर थांबव ते औषध. दत्तूला न्हाई पटायचं. तू बोल."

कप ठेवायला वळले... बाक रिकामा. डुलकी लागली म्हणाल, तर भरला कप हातात होता, थेंब सांडला नव्हता. वर धावले. काचेपलीकडे त्या तशाच, नळी लावलेल्या.

मी दत्तूसमोरच डॉक्टरांना सांगितलं, करा बंद; अन् त्यांनी केलं. दत्तू एवढंच म्हणाला, "काकी, तुमची आई असती तर?"

पुढे नळी निघाली. वॉर्डात बाईंनी पेजही घेतली. खाली आला होतात का, विचारीन विचारीन म्हणत राहिले, पण सारखी भोवती माणसं... अन् एका सकाळी त्यांचं हृदयच थांबलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया बरा झाला होता, हे वेगळं. दत्तूला पटलं नाही. तेव्हापासून तो माझ्या दारात आलेला नाही. मी कुणाच्या सांगण्यावरून बोलले, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

ते काय होतं, मला आजही उमगलेलं नाही.

दत्तू, तू हे मोबाईलवर वाचतोस, सूनबाईनं सांगितलंय मला. शिफ्टला तळवड्यावरनंच जातोस ना रे? भांडायचं तर घरात बसून भांड. पण लवकर ये.