कमळवहिनीचा डावा हात

आमच्या कमळवहिनीसारखी भात कापणारी बाई किन्हवलीच्या शिवारात दुसरी नव्हती. हे मी तिची नणंद असून सांगते आहे, म्हणजे किती खरं असेल ते तुम्हीच ओळखा. अडचण एवढीच, की कापणीच्या रांगेत तिच्या डाव्या बाजूला बसायला कुणी तयार नसे. वहिनी डावरी. तिचा विळा डाव्या हातात, शेजारणीचा उजव्या. दोन्ही विळे एकमेकांना भिडत आणि मग भातापेक्षा शिव्यांची कापणी जास्त होई.

शेतात हे चालून जाई. पण मुलगी बघायला पाहुणे आले की त्या मुलीने पंगतीत भात वाढायचा, ही आमच्या भागातली रीत. डाव्या हाताने वाढलेलं अन्न म्हणजे घराला अवकळा, असं सगळे मानत. वहिनीचं माहेर धसईचं. तिच्या आईने, धोंडूबाईने, रागावून पाहिलं, मारून पाहिलं, देवाला नारळसुद्धा बोलून झाले. पण पाहुण्यांपुढे गडबड झाली की पळी आपोआप डाव्या हातात जायची. आलेली स्थळं हात धुऊन उठायची ती पुन्हा फिरकायची नाहीत. पोरीचं लग्न होणारच नाही, असं धसईत बाया उघड बोलू लागल्या होत्या.

त्या वर्षी, दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हशाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. आम्ही बैलगाडी जुंपून गेलो. आई, बाबा, कुंडलिकदादा आणि मी. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. पडद्याच्या पुढच्या अंगाला पुरुष बसत, पडद्यामागे बायका. चित्र आरपार दिसावं म्हणून खेळाआधी पडदा पाण्याने भिजवत. दिसायचं छान, फक्त उलटं. त्यांचं उजवं ते आमचं डावं. अक्षरंही उलटीच उमटत, पण आमच्या बाजूला वाचणारं होतं कोण?

सिनेमा हसण्याचा होता. एक पोरगा मोठा व्हायला बघतो आणि त्याला ते काही केल्या जमत नाही. मिसरूड फुटत नाही म्हणून काजळाची मिशी काढतो, ती घामाने हनुवटीवर उतरते. बापाचा कोट घालून रुबाबात निघतो आणि बाह्यांत हात हरवतात. आमची आई, सुंदराबाई, इतकी हसली की पुढची बाई उठून लांब जाऊन बसली. पण तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर.

"डावरा हाय गो पोर!" ती मला म्हणाली. "बघ, जेवतं पन डाव्या हातानं. आनि तरी किती गुनाचं!"

शेवटी त्या पोराचं लग्न लागलं तेव्हा आईने पडद्यावरून हात ओवाळून दृष्ट काढली आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. घरचाच मुलगा उजवल्यासारखी ती महिनाभर त्याचंच सांगत होती.

मग दादासाठी धसईचं स्थळ आलं. आम्ही बघायला गेलो. पानं मांडली आणि कमळ भाताचं पातेलं घेऊन आली. पळी उजव्या हातात. ती अशी तिरकी झाली की पहिला भात पानात पडायच्या ऐवजी बाबांच्या मांडीवर पडला. कमळ घाबरली, आणि पळी गेली डाव्या हातात. मग मात्र एक शीत सांडलं नाही. दारात उभ्या असलेल्या धोंडूबाईचा चेहरा पांढराफटक.

आमची आई एकदम ओरडली, "अगो बाई! त्या शिनेमातल्या पोरावानी!"

"तो पोर उजवा होता," बाबा मांडीवरचा भात झाडत म्हणाले. "मी या डोळ्यांनी बघलाय."

"तुमचे डोले काय जत्रेत इकाया काढलेले? डावरा होता तो!"

परक्याच्या घरात, जेवणाच्या पानावर, दोघांची जी जुंपली ती थांबेना. शेवटी बाबांनी दादाला विचारलं, "तू सांग रे, कोनता हात?"

दादाने कमळकडे बघितलं. तिने मान वर केलेली नव्हती, पळी तशीच धरून उभी होती.

"आये सांगते तेच खरं," दादा म्हणाला. "डावरा."

त्याच दिवशी सुपारी फुटली.

दादा खोटं बोलला होता. जत्रेत खेळ संपताना तो आम्हाला बोलवायला बायकांच्या बाजूला आला होता. पडद्याचं पुढचं आणि मागचं, दोन्ही त्याने पाहिलं होतं. धसईहून परतताना गाडीत त्याने ते मला कानात सांगितलं आणि वर दम भरला, "चंदे, आयेला बोललीस तर बघ." मी कशाला बोलते? मला ती पोरगी आवडली होती.

पण फाल्गुनात तोच तंबू मुरबाडला आला. सून घरात यायच्या आधी तिला तो पोर दाखवायचाच, असा आईने हट्ट धरला. धसईला निरोप गेला. या वेळी तंबूवाल्याने पडद्यापुढेच मधोमध दोर बांधला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, सगळेच पुढून. दोरापलीकडे दादाचा चेहरा बघवत नव्हता. वैशाखातलं लग्न आता मोडतंय, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

पोरगा जेवायला बसला आणि उजव्या हाताने घास घेतला.

आई हसायची थांबली. कमळ तिला चिकटून बसली होती. तिने हळूच आपला डावा हात पदराखाली घेतला. पलीकडून बाबा ओरडले, "काय? मी सांगत नव्हतो?"

पडद्यावर ती काजळाची मिशी ओघळत होती, सगळा तंबू हसत होता, आणि आमच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मेल्यांनी हात बदलला गो लेकराचा," ती म्हणाली. "मारून मारून बदलला असंल. एवढं हसरं पोर, त्याला पन नाय सोडला."

मग तिने कमळच्या पदराखाली हात घालून तिचा डावा हात बाहेर ओढला आणि आपल्या मांडीवर घट्ट धरला.

"माज्या घरात तुजा कोन बदलतंय तेच बघते मी."

खेळ संपेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.