चेअरमनचं नाक

९ मार्च, रविवार. आबांची चित्रांची पेटी उन्हात घातली. तळाला वाळवी लागायला सुरुवात झाली होती.

आबा म्हणजे माझे वडील, इस्लामपुरात चित्रकलेचे मास्तर होते. पेटीत वर त्यांनी काढलेले गावातल्या माणसांचे चेहरे, खाली साताऱ्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं इंग्रजी पुस्तक. त्यात अठराव्या शतकातल्या लंडनमधली छापील व्यंगचित्रं आहेत. ढेरपोट्या राजा, काटकुळा मंत्री. ही चित्रं दुकानाच्या काचेत लागत, लोक गर्दी करून हसत, आणि ज्याची टवाळी झाली तो पुढारीही कधीकधी स्वतःचं चित्र विकत नेई. आबांनी हे आम्हाला शंभरदा सांगितलं. आपल्याकडेही असंच होईल, असं त्यांना खरोखर वाटायचं.

म्हणून तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी जवळच्या साखर कारखान्याच्या चेअरमनचं व्यंगचित्र गणपतीच्या मंडपाबाहेर लावलं. खुर्ची उसाच्या मोळीची, नाक मोळीपेक्षा लांब. चेअरमन घरी आले, चहा घेतला. "मास्तर, नाक लय मोठं केलंसा की," म्हणून हसले आणि चित्र मागून नेलं. आबा आठवडाभर खुशीत होते. माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात हंगामी होता. दिवाळीनंतर कायम झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आबा म्हणाले, "त्याचा चित्राशी काय संबंध?" तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी बोललेला नाही. माधवनगरला असतो, तासाभराच्या रस्त्यावर.

आबांना आता काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डाव्यात थोडं उरलंय. सगळ्या गावाचे चेहरे काढले, मुलाचा राहिला, तो दिसतंय तोवर काढायचा म्हणतात. पेटी उन्हात ठेवून मी भावाला फोन लावला.

"अर्धा तास बस त्यांच्यापुढं. बोलू नको हवं तर."

"फोटो पाठवतो अक्का. त्यावरनं काढू दे."

"फोटो दिसत नाही त्यांना. माणूस जवळ बसलं तरच कळतं."

"मग एकदा 'चुकलो' म्हणू दे."

"म्हणणार नाहीत. तुला माहीत आहे."

"तर मी बी येणार न्हाई."

आबा आतल्या खोलीत होते. कान चांगले आहेत त्यांचे. जेवताना फक्त मीठ मागितलं.

१० मार्च, सोमवार. सकाळी मी बोर्डाला कागद लावला, आबांना खिडकीपाशी बसवलं आणि समोर स्टूल ओढून स्वतः बसले. कपाळ माझं आणि भावाचं सारखंच आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळ काढलं, भुवया काढल्या. "पुढचं त्याचं वेगळं आहे," म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. मी भाकरी थापायला उठले.