दादाचा पहिला तुकडा

सोमवारी आई गेली. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन अंजनगाव सोडले.

काका, काकू, तुम्ही वेशीपर्यंत आला होतात. त्या साली कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता आणि वेचणीतून कोणालाच सवड नव्हती. दादा पस्तिशीचा, समज चार वर्षांच्या मुलाची. आईवाचून त्याला कोण सांभाळणार? काकू, तुम्ही गाडीला हात लावून म्हणालात, "अमरावतीले शिकवलं ना तुले बापू, मंग आता तूच त्याले पाह्य." कापसाच्या गाठोड्यांवर बसून दादा अकोल्यापर्यंत हसत होता.

तिथे मोर्णा नदीकाठच्या दवाखान्यात अशा माणसांसाठी एक वॉर्ड होता. रजिस्टरात मी दादाचे नाव, गाव, वय वळणदार अक्षरात लिहिले आणि जुन्या शहरात शाळामास्तराची नोकरी धरली. पहिले तीन दिवस नातेवाइकांना आत सोडत नसत. चौथ्या दिवशी गेलो, तर दादाचे हात खाटेला बांधलेले, ओठ सुकलेले.

"गुरुजी, तुमचा भाऊ लय बदमाश," वॉर्डातल्या गंगाबाई म्हणाल्या. "भाकर हाती पडली का दाराकडं पयते. बांधलं, तं तोंडच उघडत नाई. डाक्तर म्हणते, आज नाई जेवला तं नागपूरले धाडू, येड्यायच्या इस्पितळात."

मी तिथेच खाली बसलो. आमच्या घरी भाकरीचा पहिला तुकडा बैलाला जाई, आणि ते काम दादाचे. "आधी त्याले, मंग तुले," आई म्हणे. त्याशिवाय दादा जन्मात कधी जेवला नव्हता. मी शेजारीच पुस्तक उघडून जेवत असे. रजिस्टर भरताना हे सांगायचे मला सुचले नाही.

मी त्याचे हात सोडवले, भाकर दिली. दादा दाराकडे धावला. गंगाबाई मागे धावणार, तोच मी त्यांना अडवले. अंगणात पखालीचा बैल नदीचे पाणी घेऊन उभा होता. दादाने त्याला तुकडा भरवला, तिथेच मांडी घातली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

गंगाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता सांगा गुरुजी, येडा थो, का आमी?"

डॉक्टरांनी मला ठेवूनच घेतले. शाळेची नोकरी सुटली. नव्या परिचारकांना आता मी शिकवतो: आंघोळ कशी घालावी, घास केवढा द्यावा. पण त्याच्याही आधी घरच्यांना विचारायचे, जेवण्यापूर्वी हा काय करतो? कशाला घाबरतो? त्यासाठी रजिस्टरात एक रकाना आखला आहे. गंगाबाईंना वाचता येत नाही, तरी तो भरल्याशिवाय त्या कोणाला हलू देत नाहीत.

गावी कधी येता, असा तुमचा निरोप येतो. येऊ, पण पाहुण्यासारखे. दादा जिथे पोटभर जेवतो, तेच आता आमचे घर. वॉर्डात अकरा जण आहेत. कोणाचेही हात बांधलेले नाहीत.