पाव इंची पटाशी

नववीला डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवणाऱ्या बाईंना सारी शाळा काटकोनबाई म्हणायची. बाईंना हे ठाऊक नाही, असं फक्त नव्याने आलेल्या शिक्षकांना वाटे. ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. लग्न होऊन सासरी आल्यावर त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "हा फोटो तिरका लागलाय." फोटो सासऱ्यांचा होता आणि सासरे त्याच्याखालीच बसले होते.

विषयाचं नाव कागदोपत्री कितीही भारदस्त असलं, तरी मुलं त्याला 'लाकूडतास' म्हणत. वर्कशॉपची एक अख्खी भिंत हत्यारांची होती. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची बाह्याकृती पिवळ्या रंगाने काढलेली. करवतीच्या जागी करवतीचा आकार, रंध्याच्या जागी रंध्याचा. तास संपला की ज्याची पाळी असेल त्याने भिंत तपासायची आणि मोठ्याने ओरडायचं, "भिंत भरली!" त्यानंतरच दार उघडायचं. ज्याच्यामुळे जागा रिकामी राहील, त्याने आठवडाभर भुसा झाडायचा. सव्वीस वर्षांत भिंत भरल्याशिवाय दार उघडलं नव्हतं, आणि बाई ही गोष्ट घरी आलेल्या पाहुण्यालाही सांगत. पाहुणे बिचारे मान डोलवत.

त्या दिवशी शेवटच्या तासाला पाव इंची पटाशी सापडेना. खाचा कोरायच्या पटाश्यांमधली ही सगळ्यात बारकी, पण धार अशी की बोटाला कळायच्या आत रक्त यावं. तिचा पिवळा आकार तेवढा रिकामा.

बाकांखाली पाहिलं, भुसा चाळला, सरसाचे डबे उचलून पाहिले. मुलांनी आपण होऊन खिसे उलटे केले, दप्तरं ओतली. एकीने मात्र दप्तर उघडलं नाही. तिला शाळेत भडका म्हणत. दोन महिन्यांपूर्वी मारामारीत एका मुलाचा दात पाडून ती घरी बसली होती. परत आली तेव्हा धारदार हत्यारांच्या खोलीत तिला घ्यायला कुणी तयार नव्हतं. "माझ्या जबाबदारीवर घेते," असं लिहून सही करणाऱ्या एकट्या काटकोनबाईच होत्या.

"माझ्याकडे नाहीये," भडका म्हणाली, आणि दप्तर छातीशी धरून उभी राहिली.

बाईंनी दप्तर ओढलं नाही. सगळ्या वर्गाचे डोळे तिच्यावर होते. बाहेर पालक खोळंबले होते. अखेर सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच भिंत न भरता दार उघडलं.

हेडसर उंचीने बेताचे आणि स्वभावाने सज्जन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"बाई, मी आज कुणाला काही बोलत नाही. पण उद्या पहिल्या घंटेपर्यंत मिळाली नाही, तर वर कळवावंच लागेल. वर्कशॉपला कुलूप लागेल. आणि त्या मुलीचं म्हणाल तर... तिला ठेवून घेणं माझ्या हातात राहणार नाही."

"तिने घेतलेली नाही," बाई ताडकन म्हणाल्या.

"तुमची खात्री आहे?"

बाई "हो" म्हणाल्या खऱ्या, पण जरा थांबून. ते थांबणं घरी जाईपर्यंत त्यांच्या मानगुटीवर बसून राहिलं.

बाईंचे यजमान जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. बायको जेवताना गप्प आहे म्हणजे काहीतरी जबर बिघाड आहे, हे त्यांना इंजिनाच्या आवाजासारखं कळे. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा असेल. तिथेच असेल कुठेतरी."

"सगळीकडे बघितलंय हो! तुम्हाला काय वाटतं, मी डोळे मिटून शोधलं?"

"बरं बाई, चुकलं माझं," म्हणून त्यांनी ताट उचललं. बाई तशाच बसून राहिल्या. दप्तर छातीशी धरलेली ती पोरगी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. आपण सही केली ती विश्वासाने, की चारचौघांत मोठेपणा मिरवायला? विश्वास होता, तर आता ही शंका कुठून आली? बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि शंका तरीही जाईना.

सकाळी त्या घंटेच्या तासभर आधी पोचल्या. वर्कशॉपच्या पायऱ्यांवर भडका बसलेली होती. तिच्या तोंडावरून वाटत होतं की झोप तिलाही लागली नव्हती.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावायचं का ते ऐकल्यावर ठरवते. विचार."

"काल तुम्ही सगळ्यांना विचारलंत, पटाशी शेवटी कुणी घेतली होती म्हणून. पण तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

 बाईंची किल्ली कुलपात होती ती तशीच राहिली.

दार उघडून त्या थेट मोठ्या बाकाशी गेल्या. बाकावर हेडसरांची पायरी होती. भाषणाच्या टेबलामागे हेडसरांचे फक्त केस दिसतात, म्हणून काल वर्गासमोर जोडून दाखवलेली ही लाकडी पायरी. आतून पोकळ. दुसऱ्या कुणी बूड उघडंच ठेवलं असतं, जमिनीकडे कोण बघतंय! पण काटकोनबाईंना उघडं बूड चालत नसे. पायरी उलटी ठेवलेली, बूड चिकटवलेलं, चारी बाजूंनी क्लॅम्प आणि वर विटांचं वजन. काल शोधताना तिला कुणी हात लावलाच नव्हता.

"मी त्याच पटाशीने आतल्या कोपऱ्यातला वाहिलेला सरस खरवडत होते," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मग मागे कुणीतरी सरसाचा डबा सांडला."

"मी सांडला," भडका म्हणाली. "सगळे तिकडेच बघायला लागले. तुम्हीपण."

"मी वळले. ओरडले. परत फिरले, आणि म्हटलं, चला, आता बूड."

दोघींनी विटा उतरवल्या, क्लॅम्प सोडले. बाईंनी पायरी उचलून तिरकी केली. आतून आवाज आला, खडखड.

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. सव्वीस वर्षं मिरवलेला नेम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून वर सरसाने बंद केला होता, आणि जन्मात कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं. चूक त्यांची होती. पोरीची नव्हती. देवा, पोरीची नव्हती.

तेवढ्यात हेडसर आले. त्यांनीही पायरी हलवून पाहिली आणि मोठा सुस्कारा सोडला. मग हळूच म्हणाले, "दहाला पालकसभा आहे. पटाशी राहू दे की आतच. भिंतीवर दुसरी लावा. कुणाला कळतंय?"

"तुम्ही भाषणात पाय बदललात की सगळ्यांना कळेल," बाई म्हणाल्या. "शिवाय काल वर्गासमोर हरवली, आज वर्गासमोरच निघेल."

तशी ती निघाली. पहिल्या तासाला भडकाने काटकोन बघायचा गुण्या लावून बुडावर रेघ मारली, करवत चालवली आणि आत हात घालून पटाशी काढली. वर्ग हसला.

"काल पटाशी मी आत ठेवली आणि संशय दुसऱ्यावर येऊ दिला," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून, "मलाही आला होता गं संशय. माझं चुकलं."

"माहितीये," भडका म्हणाली. "काल हेडसरांशी बोलून बाहेर आलात तेव्हा मी तिथेच होते, तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत."

"मग दप्तर का नाही उघडलंस?"

"त्यात डबा होता नि वह्या. पण एकदा उघडलं असतं, तर दर वेळी मलाच उघडावं लागलं असतं."



दहाच्या सभेत हेडसर उघड्या बुडाच्या पायरीवर उभे राहून टायच्या गाठीपर्यंत दिसले. नवं बूड लावायला वेळच नव्हता. बाईंनी अख्खं भाषण त्या उघड्या बुडाच्या विचारात काढलं.

दुसऱ्या दिवशी तास संपला तेव्हा भिंत तपासायची पाळी भडकाची होती. तिने एकेका आकारावर बोट ठेवून सावकाश पाहिलं, पाव इंचीपाशी जरा थांबली, आणि काचा हादरतील अशी ओरडली, "भिंत भरली!" दार उघडलं, मुलं पांगली. बाईंनी कोपऱ्यातला झाडू घेतला, पदर खोचला आणि भुसा झाडायला लागल्या. त्यांच्या आठवड्याचा पहिला दिवस होता.

भडका दप्तर पाठीला लावून दारात थांबली होती.

"बाई," ती म्हणाली, "बाकाखालचा कोपरा राहिला."

बाई वाकल्या आणि तो कोपरा पुन्हा झाडला.