फायबरचाचा आणि वरातीची गाडी

बोनेटवर कोण नाचलं, हे फायबरचाचा नुसता तडा बघून सांगायचे. लांब सरळ चीर असली की नवरदेवाचा मित्र. बारीक चांदणीसारखा तडा म्हणजे उंच टाचांची करवली. आणि आरपार भोक पडलं असेल तर खात्रीनं नवरदेवाचा मामा. "लगन दोघांचं, अन् मार माझ्या बोनेटाला," म्हणून ते कपाळाला हात लावायचे. चाचा कधी चुकलेच नाहीत असं मी म्हणणार नाही, पण मामा मात्र दर वेळी बरोबर निघायचा.

माझी वरातीची गाडी आहे. खाली जुनी जीप, वर फायबरची राजेशाही बॉडी, लांब नाक आणि गोल मडगार्ड. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर मिरवतात आणि मिरवून झालं की फुटलेली, फटाक्यांनी पोळलेली ती बिचारी वडीगोद्रीला हायवेकडेच्या चाचांच्या शेडात यायची. तिथं जरा टेकलं तरी घरी येऊन रात्रभर अंग खाजवत बसायचं. फायबर घासताना उडणारी ती काचेची धूळच तशी. बायको मला अंगणातच अडवायची आणि कपडे बादलीत टाकायला लावायची. चाचांना मात्र खाज म्हणून माहीत नव्हती. तोंडाला रुमाल बांधा म्हटलं, तर रुमालात बिडी ओढता येत नाही म्हणायचे.

बाकीचे कारागीर तड्यावर वरून पुट्टी फासतात आणि रंग मारतात. मग पुढच्या वरातीत डीजे घुमला की तडा पुन्हा उघडा. चाचा बोनेट खोलून उलटं पाडायचे, तडा मागून घासायचे, त्यावर काचेचं कापड अंथरून रेझिन पाजायचे. ब्रशनं टोचून टोचून आतली हवा काढायचे. "तोंडाला पावडर सगळेच लावतेत, पाठ कोन घासतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर टाकतात. चाचा त्याला औषध म्हणायचे. उन्हाळ्यात औषध निम्मंच घालायचं, कारण उरलेलं काम आपल्याकडचं ऊन करतं. घाईवाले ड्रायव्हर स्वतःच्या हातानं जास्त ओतायचे. मग मग्यातून धूर निघायचा आणि रेझिन दगड व्हायचं, ब्रशसकट. असा एक मगा चाचांनी शेडाच्या दारात टांगला होता. कुणी "जल्दी करा" म्हटलं की नुसतं बोट दाखवायचे.

पण ती धूळ चाचांच्या छातीत बसली. खोकला लागला की धरवत नसे. जालन्याच्या डॉक्टरनं बजावलं, शेडात पाय टाकाल तर माझ्याकडे येऊ नका. चाचीनं सरळ मलाच धरलं. म्हणाली, तुझी गाडी आली की हे शेडात जातात, आता तूच आणू नकोस. मी कबूल झालो आणि चाचांनी तोंड फिरवलं.

पुढं ऐन लग्नसराईत एका ट्रॅक्टरनं मडगार्ड फोडलं. मी ते दुसरीकडे दिलं आणि भर मांडवाच्या दारात पुट्टीचा पोपडा नवरदेवाच्या मोजडीवर पडला. चाचांच्या कानावर ते गेलंच. त्यांचा निरोप आला, गाडी घेऊन ये. चाची दारात आडवी. शेवटी तोड निघाली. चाचा लांब लिंबाखाली, धूळ येणार नाही अशा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसणार, कशाला हात लावणार नाहीत. काम मी करायचं.

मी रुमाल बांधून मागून घासलं. औषध ओतताना हात सैल सुटला आणि मगा धुरायला लागला. चाचा असे हसले, असे हसले, की खोकल्यानं वाकले आणि चाची पाणी घेऊन धावली. दुसऱ्यांदा जमलं. कापड अंथरलं, हवा काढली, वाळल्यावर पुढून पाणीपेपरनं घासून गुळगुळीत केलं आणि रंग मारला. लिंबाखाली चाचांची बोटं आपसूक हलत होती, घासल्यासारखी. मला बघवेना, मी खाली मान घालून काम करत राहिलो.

रंग सुकेपर्यंत हवेतली धूळ खाली बसली होती. चाचीनं मान हलवली, तसे ते आले. डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवायला लागले. एकदा फिरवला, परत फिरवला. कडेनं, खालून, जिथं कुणी बघणारसुद्धा नाही तिथं. तेव्हा मला कळलं की ते चूक शोधत होते. आणि देवाशपथ, मलाही वाटत होतं की सापडू दे. एखादा खड्डा, एखादा उंचवटा, काहीही. म्हणजे मला दम देतील आणि म्हणतील, उद्या परत ये.

"कुठं राहिलं का, चाचा?" मी विचारलं.

त्यांनी हात उचलला. "न्हाई रे बेटा. बिलकुल बराबर केलंस."

मग त्यांनी शेडाची किल्ली माझ्या खिशात टाकली, चाचीला चला म्हणाले आणि मागं न बघता घराकडे निघाले.