दिवसाला दोनशे भाकरी

आमच्या सुनेचं आजारपण आम्ही चांगलं तीन महिने हौसेनं खाल्लं, तेही शेंगाचटणी लावून.

त्या दिवसांत ती जेमतेम दोन तास झोपायची आणि उठून कडक भाकरी थापायला बसायची. दिवसाला दोनशे. बोलणं तर असं, की तव्यावरची भाकरी करपेल पण बाईचं वाक्य संपायचं नाही. एकदा नवी पेठेच्या बाजारातून एकाच रंगाच्या सहा साड्या घेऊन आली. माझ्या पोराला काळजी वाटली, तर मीच त्याला झापलं, "कामाची बायको मिळालीय, गप बस की!" करकंबची माझी नणंद टोपलं भरून भाकरी नेताना म्हणायची, "वैनी, सून असावी तर अशी."

मग ती अंथरुणाला खिळली. केस विंचरेना, जेवेना, "मी कशाला जगू" म्हणायला लागली. तेव्हा कुठं आम्हा शहाण्यांना वाटलं, ही आजारी पडली. नणंदेला तेवढंही वाटलं नाही. "नाटकं हायती. माहेरी धाडा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, याच्या आधी कधी फार जोरात होती का?"

"छे! तेव्हा तर लई बरी होती. दोन तास झोपून दोनशे भाकरी!" मी अभिमानानं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवला. "आजी, आजार तिथंच सुरू झाला."

बायपोलर म्हणतात त्याला. मन कधी उधळतं, कधी गाळात रुततं, आजार एकच. नुसती उदासीची गोळी दिली तर पुन्हा उधळायची भीती. म्हणून मन ताळ्यावर ठेवणारं लिथियम दिलं. वेळोवेळी रक्त तपासायचं, झोप मोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी सोडायची नाही.

आता ती घरापुरत्या भाकरी करते, दुपारी टीव्ही बघते, हसते. गल्लीला हे पटत नाही. "पहिल्यासारखी राहिली नाही हो!" पहिल्यासारखी म्हणजे फुकट राबणारी, हे कुणी बोलत नाही. मी बोलते, टोपली मीच भरून देत होते ना.

परवा नणंदेचा फोन आला. "वैनी, नातीचं लगीन ठरलंय. महिनाभर सुनेच्या गोळ्या बंद ठिवा की, तेवढ्या भाकरी उरकतील."

फोन स्पीकरवर होता. परातीतला सुनेचा हात थांबला. तिनं फोनकडं नाही, माझ्याकडं बघितलं. घाबरून. ते मला लागलं.

"भाकरी विकत आण," मी नणंदेला म्हटलं. "गोळ्यांचं नाव काढशील तर आमी लग्नालाच येत न्हाय."

नणंदेनं फोन आपटला.

"आत्याबाई," सून हळूच मला म्हणाली, "मला जायचंय लग्नाला."

"जाऊ की. गोळ्या पिशवीत घालून जाऊ."